घरातले जुने अल्बम आणि एप्सन पर्फेक्शन व्ही६००

घरातल्या जुन्या फोटोंसाठी स्कॅनर घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण दोनच गोष्टी बघतात: खोक्यावर छापलेला डीपीआयचा (एका इंचात किती ठिपके टिपले जातात त्याचा) आकडा आणि मिनिटाला किती फोटो होतात ते. अल्बमच्या कामात या दोन्हींना फारसा अर्थ नाही. फोटो पानाला चिकटून बसलाय आणि निघत नाही, तेव्हा काय करायचं? फोटो वाकलाय आणि काचेला पूर्ण टेकत नाही, तेव्हा? फोटो हरवला पण निगेटिव्ह सापडली, तेव्हा? मागे पुसट शाईत लिहिलेल्या दोन ओळी वाचता येतील का? यंत्र पारखायचं ते या प्रश्नांवर. एप्सनचा पर्फेक्शन व्ही६०० या सगळ्यांत चांगला उतरतो. तो हळू आहे, टेबल अडवतो, त्याचं सॉफ्टवेअर हट्टी आहे. तरीही आजी-आजोबांच्या काळापासूनचा साठा ज्या घरात पडून आहे, त्या घराला मी हाच सुचवेन.

हे मॉडेल २००९ सालचं. काच साधारण ए-४ आकाराची, २१६ बाय २९७ मिलिमीटर. वजन चार किलोच्या आसपास, जोडणी यूएसबी २.०, वीज वेगळ्या अडॅप्टरवरून. दिवा एलईडीचा असल्यामुळे तापायची वाट बघावी लागत नाही. झाकणातही एक दिवा आहे, तो फिल्मसाठी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतला सेन्सर सीसीडी प्रकारचा आहे.

हा सेन्सरचा मुद्दा दुकानात कुणी समजावून सांगत नाही, पण अल्बमसाठी तोच निर्णायक आहे. कॅननच्या लाइड ४०० या स्कॅनरचं उदाहरण घ्या. पातळ, जेमतेम पावणेदोन किलोचा, यूएसबीच्या तारेवरच चालणारा. त्यात सीआयएस सेन्सर असतो आणि तो काचेला अगदी लागून फिरतो. काचेला सपाट टेकलेला फोटो तो सुंदर टिपतो, पण कागद एक-दोन मिलिमीटर वर उचलला गेला की तेवढा भाग धूसर. सीसीडीमध्ये आरसे आणि भिंग असतं, त्यामुळे काचेपासून थोडा वर असलेला भागही रेखीव येतो. पुठ्ठ्यावर चढवलेले स्टुडिओतले फोटो, कडा वर वळलेले फोटो, जाड पानांचे अल्बम, फ्रेमच्या काचेला कायमचे चिकटलेले फोटो, हे सगळं सीसीडीच्याच हातचं काम. तुमच्याकडचे फोटो सुटे, सपाट आणि बऱ्या अवस्थेत असतील, निगेटिव्ह एकही नसेल, तर लाइड ४०० पुरे. उगाच मोठं यंत्र घेऊ नका.

आता डीपीआय. व्ही६०० वर ६४०० लिहिलंय. सेन्सर तेवढे ठिपके मोजतो हे खरं, पण भिंगातून तेवढा बारीक तपशील त्याच्यापर्यंत पोचतच नाही. फिल्मवर प्रत्यक्ष मिळणारा तपशील साधारण १५०० ते १६०० डीपीआयच्या घरातला असतो. म्हणून ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह २४०० ला स्कॅन करावी. एका चौकटीचे सुमारे ३४०० बाय २२७० पिक्सेल येतात, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेल. हीच चौकट ६४०० ला केली तर ५५ मेगापिक्सेलची, दीडशे एमबीच्या वर जाणारी टिफ फाइल (टिफ म्हणजे चित्राचा तपशील न गमावता साठवण्याचा प्रकार) तयार होते आणि चेहऱ्यावरची एक रेघही जास्त दिसत नाही.

कागदावरच्या फोटोंना ६०० डीपीआय. चार बाय सहा इंचांच्या फोटोचे २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात आणि टिफ फाइल २६ एमबीची. हजार फोटो म्हणजे २६ जीबी, ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावतील इतके. ३०० ला केलेला स्कॅन तेवढ्याच आकारात पुन्हा छापायला पुरतो, पण मोठा करून बघायला पुरत नाही, आणि घरच्या फोटोंमध्ये मोठं करून बघण्यातच खरी गंमत आहे. बैठकीच्या खोलीत पाच भावंडं रांगेत बसलीत आणि मागच्या भिंतीवर नखाएवढं कॅलेंडर टांगलंय असा फोटो समजा. ३०० ला ते कॅलेंडर म्हणजे पांढरा चौकोन. ६०० ला महिन्याचं नाव वाचता येण्याची शक्यता असते, आणि ते वाचता आलं की मांडीवरचं बाळ कोण हा वाद मिटतो. पासपोर्ट आकाराचे आणि ओळखपत्रांवरचे छोटे फोटो मात्र १२०० ला करा. पणजोबांचा तेवढाच एक फोटो उरलाय असं बऱ्याच घरांत असतं, आणि पुढेमागे तो भिंतीवर लावण्याइतका मोठा करावासा वाटतोच.

काचेवर एका वेळी किती फोटो बसतात? चार बाय सहाचे चार बसतील असं वाटतं, पण उभे दोन-दोन लावले तर लांबी सात-आठ मिलिमीटरने कमी पडते. दोन उभे आणि त्यांच्याखाली एक आडवा, असे तीनच. जुन्या साडेतीन बाय पाच आकाराचे चार आरामात बसतात. दोन फोटोंमध्ये बोटभर जागा ठेवा, म्हणजे सॉफ्टवेअरला ते वेगळे ओळखता येतात. काचेच्या कडेला अगदी चिकटवूनही ठेवू नका, तिथे दोन-तीन मिलिमीटर कापलं जातं.

सॉफ्टवेअरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचे स्कॅन इथेच बिघडतात. एप्सन स्कॅनमध्ये फुल ऑटो, होम आणि प्रोफेशनल असे मोड आहेत. नावाला न घाबरता प्रोफेशनल उघडा. प्रीव्ह्यू दोन तऱ्हेचा असतो, थंबनेल आणि नॉर्मल. थंबनेलमध्ये सॉफ्टवेअर फोटो आपोआप शोधतं, कापतं आणि फिरवतं. सोपं वाटतं खरं, पण पांढरी किनार असलेल्या फोटोची किनारच उडवतं, आणि पुष्कळदा त्या किनारीवरच प्रयोगशाळेने छापलेला महिना आणि वर्ष असतं. तारखेचा तो एकुलता एक पुरावा असा हातचा घालवू नका. नॉर्मल प्रीव्ह्यू घेऊन चौकट स्वतः आखा.

चौकट फोटोच्या कडेला लागून आखायची. ती बाहेर गेली की झाकणाचा पांढरा भागही हिशेबात धरला जातो, सॉफ्टवेअर त्यालाच सगळ्यात उजळ जागा समजतं आणि फोटो मळकट येतो. शार्पनिंगचं, म्हणजे कडा कृत्रिमपणे ठळक करणारं, अनशार्प मास्क आधीपासून चालू असतं, ते बंद करा. नंतर कधीही वाढवता येतं, पण एकदा स्कॅनमध्ये मुरलं की काढता येत नाही. काळे-पांढरे फोटोसुद्धा २४-बिट कलरमध्येच स्कॅन करा. कागदाची पिवळसर झाक, निळ्या शाईची सही, स्टुडिओचा तांबडा शिक्का हे सगळं राखाडीत हरवतं. वर्तमानपत्रातलं कात्रण असेल, नातवाचा निकाल किंवा कुणाच्या सत्काराची बातमी, तर तेवढ्यापुरतं डीस्क्रीनिंग चालू करा. छपाईच्या ठिपक्यांमुळे उमटणारी जाळी त्याने जाते. खऱ्या फोटोंवर ते चालू राहिलं तर चेहरे मऊ पडतात, म्हणून कात्रणं एका बैठकीत उरकलेली बरी.

रंग उडालेल्या फोटोंसाठी सॉफ्टवेअरमध्ये कलर रिस्टोरेशन नावाची एक खूण (चेकबॉक्स) आहे. रंगीत फोटोतले रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, म्हणून जुने फोटो लालसर किंवा पिवळट दिसतात. ही खूण चालू केली की चेहऱ्यांवरची तांबूस झाक बऱ्यापैकी जाते आणि आकाश पुन्हा निळं होतं. काम खरोखर चांगलं आहे. पण कधी कधी ती मुळात पिवळ्या असलेल्या साडीलाही दोष समजून फिकी करते. मूळ स्कॅन काहीही न बदलता टिफमध्ये ठेवा, आणि सुधारलेली जेपेग प्रत वेगळी करा.

धूळ-ओरखडे काढणारं डिजिटल आइस हे या यंत्राचं जाहिरातीतलं मोठं आकर्षण. रंगीत निगेटिव्हवर ते उत्तम चालतं. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश रंगीत फिल्मच्या रंगांतून आरपार जातो आणि धुळीवर अडतो, त्यामुळे धूळ कुठे आहे ते यंत्राला नेमकं कळतं. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि ते कण अवरक्त प्रकाशही अडवतात. यंत्र चित्रालाच धूळ समजतं आणि चेहरे, केस, साडीचे काठ पुसून टाकल्यासारखे करतं. तेव्हा काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हला डिजिटल आइस लावायचंच नाही. कोडॅक्रोम या कोडॅकच्या जुन्या रंगीत फिल्मच्या स्लाइडवरही ते भरवशाचं नाही. कागदावरच्या फोटोंसाठी याचा वेगळा प्रकार दिलाय, पण त्याने वेळ कित्येक पट लागतो आणि खरखरीत कागदावर तर चित्रच बिघडतं. कागदाच्या फोटोंसाठी हवेचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश यांनी आधीच धूळ उडवलेली जास्त उपयोगी. फोटोला ओला बोळा लावू नका.

खरखरीत कागद हा स्वतंत्र त्रास आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले बरेच फोटो मधाच्या पोळ्यासारखी बारीक नक्षी असलेल्या कागदावर आहेत. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, प्रत्येक खळग्याची सावली उमटते आणि चेहऱ्यावर जाळं पसरल्यासारखं दिसतं. उपाय असा: एकदा सरळ स्कॅन करा, मग फोटो १८० अंशांत फिरवून पुन्हा करा. दुसरी प्रत संगणकावर सरळ करून पहिलीवर नेमकी बसवा आणि वरच्या थराची अपारदर्शकता ५० टक्के ठेवा. गिम्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हे जमतं. सावल्या एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. सगळ्या फोटोंना एवढी मेहनत करवत नाही, पण घरातल्या माणसाचा एकमेव फोटो असा असेल तर करावी.

चिकट पानांचे अल्बम, ज्यात पानावर गोंदाच्या रेघा आणि वर पारदर्शक कागद असतो, ते फोटोंचे सगळ्यात मोठे शत्रू. गोंद वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. आधी अख्खं पान आहे तसं स्कॅन करून घ्या. फोटोंचा क्रम आणि शेजारच्या नोंदी, दोन्ही राहतात. वरचा पारदर्शक कागद चकाकत असेल आणि सहज सुटत असेल तरच उचला. मग फोटो काढायचा प्रयत्न. दात साफ करायचा दोरा (फ्लॉस) फोटोच्या मागून एका कोपऱ्यातून घालायचा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे न्यायचा. अडला की थांबायचं. ओढून काढलेल्या फोटोला जी घडी पडते ती कायमची. न निघणारा फोटो पानासकट काचेवर ठेवून, झाकण उघडं ठेवून, वरून काळं कापड टाकून स्कॅन करा. सीसीडीचे पैसे इथे वसूल होतात. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोलाही हाच न्याय: काचेसकट स्कॅन, सोडवायला जायचं नाही.

निगेटिव्हसाठी झाकणाच्या आतली पांढरी गादी काढावी लागते. ती तशीच राहिली तर झाकणातला दिवा झाकला जातो आणि प्रीव्ह्यू काळा येतो. यंत्र बिघडलं अशी निम्मी ओरड यातूनच होते. फिल्म धरायला सोबत दिलेल्या प्लास्टिकच्या चौकटीत सहा-सहा चित्रांच्या दोन पट्ट्या, म्हणजे १२ चित्रं बसतात. स्लाइड एका वेळी चार. चकचकीत बाजू खाली ठेवायची. अंधाऱ्या खोलीतली चित्रं थंबनेलमध्ये यंत्राला सापडत नाहीत, दोन चित्रं मिळून एक धरली जातात. तेव्हा पुन्हा नॉर्मल प्रीव्ह्यू. वळलेली फिल्म मध्ये फुगून काचेला टेकली तर इंद्रधनुष्यासारखी वलयं उमटतात. अशा पट्ट्या आधी जाड पुस्तकात आठवडाभर दाबून ठेवाव्यात.

या यंत्राची खरी करामत मात्र १२० आकाराच्या मोठ्या निगेटिव्हवर दिसते. जुन्या बऱ्याच बॉक्स कॅमेऱ्यांत हीच फिल्म असायची. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या चौकटीतून २४०० ला सुमारे २८ मेगापिक्सेल मिळतात. अल्बममधला छापील फोटो त्याच निगेटिव्हचा, काडेपेटीपेक्षा थोडासाच मोठा. निगेटिव्हमधून मात्र आजीच्या हातातल्या पुस्तकाची शिवणसुद्धा दिसू शकते. म्हणून ट्रंकेतल्या, पाकिटातल्या निगेटिव्ह टाकून देण्याआधी एकदा उजेडासमोर धरून बघा.

फोटोची मागची बाजू हा माझ्या लेखी सक्तीचा स्कॅन. ३०० डीपीआय पुरे. पातळ कागदावर पुढचं चित्र किंवा पत्राच्या पाठीमागची शाई उमटून दिसत असेल तर मागे काळा कागद ठेवा. झाकणाच्या पांढऱ्या गादीमुळे ते जास्त उमटतं. पुढच्या आणि मागच्या फाइलला एकच नाव देऊन शेवटी ‘अ’ आणि ‘ब’ जोडा: वर्ष, अल्बमचा क्रमांक, पान, फोटो, बाजू. वर्ष नक्की माहीत नसेल तर दशक लिहा, पण अंदाजाचं वर्ष खरं असल्यासारखं लिहू नका. माणसांची नोंद करताना ‘मामा’, ‘काकू’, ‘आत्या’ एवढ्यावर थांबू नका. तुमची आत्या ती तुमच्या मुलांची आत्या नाही, आणि आतेभावाकडे ती फाइल गेली की तिथे ती मावशीही असू शकेल. पूर्ण नाव, माहेरचं नाव आणि घरात हाक मारायचे ते नाव, तिन्ही लिहा. ही माहिती डिजिकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरने फाइलच्या आतच कॅप्शन म्हणून भरता येते. कॅप्शन फाइलसोबत फिरतं, वहीतली यादी मागे राहते.

व्ही६०० चा संथपणा इथे पथ्यावर पडतो. प्रीव्ह्यू, चौकट, स्कॅन यांत जो वेळ जातो त्यात शेजारी बसलेल्या आजोबांना किंवा मोठ्या मावशीला विचारता येतं. फोटो मोठ्या पडद्यावर दाखवा, फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि ‘हे कोण?’ एवढंच विचारू नका. फोटो कुणी काढला, घर कुणाचं, दाराशी उभी असलेली सायकल कुणाची, असे प्रश्न जास्त बोलतं करतात. सुरुवातीलाच फोटोचा क्रमांक मोठ्याने सांगा, नाहीतर तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये कुठली गोष्ट कुठल्या फोटोची ते शोधणं अशक्य होतं. वयस्कर माणसं एका बैठकीत वीस-पंचवीस फोटोंनंतर थकतात, त्यापुढे ताणू नका.

एप्सनचाच फास्टफोटो एफएफ-६८०डब्ल्यू याच्या अगदी उलट आहे. ३६ फोटोंचा गठ्ठा घालायचा, ३०० डीपीआयला सेकंदाला एक फोटो असा कंपनीचा दावा, आणि दोन्ही बाजू एकदम टिपल्या जातात. मागच्या बाजूसाठी ही सोय फार मोलाची. नव्वदच्या दशकापासूनचे एकाच आकाराचे सुटे फोटो हजारोंनी असतील तर तोच बरा. पण तो फोटो रुळांमधून ओढतो. फाटके, कोपरे गेलेले, पुठ्ठ्यावरचे, मागे गोंद राहिलेले फोटो त्यात घालायचे नाहीत. शिवाय आतल्या काचेवर धुळीचा एक कण बसला की पुढच्या प्रत्येक फोटोवर उभी रेघ येते, म्हणून दर थोड्या गठ्ठ्यांनी काच पुसावी लागते.

फोनचं काय? एखाद्या नातेवाइकाकडे गेलो आणि अल्बम घरी न्यायची परवानगी नाही, अशा वेळी गुगलचं २०१६ मध्ये आलेलं फोटोस्कॅन उपयोगी पडतं. ते एका फोटोचे वेगवेगळ्या कोनांतून तुकडे टिपतं आणि जोडून चकाकी काढतं. खिडकीच्या बाजूच्या उजेडात, वरचा दिवा बंद करून वापरा. नोंद आणि आठवण म्हणून ते पुरतं, एकमेव प्रत म्हणून नाही.

तयार झालेले फोटो घरच्या ग्रुपवर टाकताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका. फोटो म्हणून टाकला की तो लहान होतो आणि आत भरलेली नावंही गळून पडतात. पूर्ण संच दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या गावच्या भावाकडे किंवा बहिणीकडे असू द्या.

देखभाल थोडी, पण नेमकी. काचेवर थेट फवारा मारू नका, द्रव कडेतून आत उतरतो. मऊ कापड किंचित ओलं करून पुसा. कालांतराने काचेच्या आतल्या बाजूने धुरकट थर चढतो आणि गडद भाग राखाडी दिसू लागतात. तो बाहेरून पुसून जात नाही.

म्हणूनच वापरलेला व्ही६०० घेत असाल तर अंधाऱ्या खोलीत काचेवर तिरपा टॉर्च मारून हा थर आहे का ते बघा. फिल्मच्या चौकटीच्या प्लास्टिकच्या कड्या शाबूत आहेत ना, झाकणाची पांढरी गादी आणि मूळ अडॅप्टर सोबत आहे ना, हे तपासा. मग गादी काढून, काच रिकामी ठेवून फिल्म मोडमध्ये एक स्कॅन घ्या. झाकणातला दिवा लागायला हवा आणि आलेल्या चित्रावर उभ्या रेघा नकोत. रेघा दिसल्या तर आधी काचेच्या वरच्या टोकाची, यंत्र जिथे उजेड मोजून घेतं ती अरुंद पट्टी पुसून पुन्हा स्कॅन करा. तरीही त्या जागच्या हलल्या नाहीत, तर ते यंत्र घेऊ नका.